फोगेलांचं मामकूळ

जर्मन लोकांविषयी माझं मत पहिल्यापासून चांगलं होतं. आमच्या कालव्याच्या ऑफिसातलं पाणी मोजायचं यंत्र जर्मन आणि शेजारच्या तात्यासाहेबांच्या सोप्यातलं घड्याळही जर्मन. दोन्ही कधी बंद पडल्याचं मला आठवत नाही. पण ज्या देशानं असली यंत्रं केली, त्या देशाला मामा आणि काका यांच्यासाठी दोन वेगळे शब्द करता येऊ नयेत? दोघांनाही ओंकेल! आत्या, मावशी, काकू आणि मामी, या चौघी जणी एका खोलीत चार मिनिटं धड बसत नाहीत, त्या सगळ्या टांटे! हे कळलं त्या दिवशी माझा त्या घड्याळावरचासुद्धा विश्वास उडाला.

आता सांगलीतल्या एका हेडक्लार्कनं, आणि तेही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जर्मन नातेवाईक पाठ करायचं कारण काय, असं तुम्ही विचाराल. कारण आमची आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण रंगूबाई, साताऱ्याला दिलेली. तिचा एकुलता एक मुलगा मानसिंग सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या घरी राहून इंजिनिअर झाला. आम्हा नवराबायकोला मूलबाळ नाही, त्यामुळं पाचवीपासून त्याचे डबे, त्याचे ताप आणि त्याची प्रगतिपुस्तकं आमच्याच वाट्याला आली आणि आम्ही ती हौसेनं घेतली. पुढं तो पश्चिम जर्मनीत एका कारखान्यात शिकायला गेला. शहात्तर सालच्या संक्रांतीला त्याचं पत्र आलं, की इथल्या उर्सुला फोगेल नावाच्या मुलीशी मला लग्न करायचं आहे, वैशाखात आम्ही दोघं येतो, तिच्या वडिलांचा पत्ता सोबत आहे. मामा, तेवढं आईला तुम्ही सांगा.

'तेवढं'! जणू काही येताना अर्धा किलो रवा आणायला सांगितला होता. खाली बारीक अक्षरात त्यानं लिहिलं होतं, 'आई नाही म्हणाली तर इथंच लग्न करीन, आणि मग मला सातारला तोंड दाखवता येणार नाही.' पोरगा बोलल्यासारखा करतो, हे मला माहीत होतं. तो आईवरच गेला आहे.

मी बायकोला घेऊन सातारला गेलो. आक्का तांदूळ निवडत होती. मी धीर करून सगळं सांगितलं.

"नाव काय म्हनलास?"

"उर्सुला."

"कुठल्या उरुसाला?" असं म्हणून तिनं सूप खाली ठेवलं. आता धर्म निघणार, जात निघणार, मटण निघणार म्हणून मी भिंतीला टेकून बसलो. पण आक्कानं एकच विचारलं. "मामकूळ कुठलं?"

आमच्याकडं सोयरीक जुळवताना मुलीचा रंग, उंची, शिक्षण हे सगळं नंतर. आधी तिचा मामा कोण, कुठला, त्याचं घर कसं, हे बघतात. मामकूळ चांगलं तर पोरगी चांगली, असा हिशेब. मी म्हणालो, "अगं आक्का, ती जर्मन आहे."

"जर्मन असू दे न्हाईतर कुनी बी असू दे. तिच्या आईला भाऊ असंल का न्हाई? त्यो कोन, घरंदाज हाय का, कळाय नको? मामकूळ कळल्याबिगर मी अक्षता हातात धरनार न्हाई. आन माझ्या मागं त्यानं उरकलं, तर त्यो मला मेला आन मी त्याला मेले."

"बरोबर हाय," असं दाजी बाजेवरून म्हणाले. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी याव्यतिरिक्त वाक्य उच्चारलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

मानसिंगलाच विचारून टाकावं असं मी सुचवलं, तर आक्का माझ्यावरच उलटली. नवरदेवाला असलं विचारत्यात व्हय? वडीलमाणसांनी वडीलमाणसांना विचारायचं, आणि तेही त्यांच्या भाषेत. इंग्रजीत विचारलं की ऑफिसचा कागद वाटतो, सोयऱ्याचा वाटत नाही. तिचं म्हणणं ऐकून दाजी दुसऱ्यांदा बरोबर म्हणाले, आणि परतीच्या एस.टी.त बसताना मी एका बाजूला बहीण आणि दुसऱ्या बाजूला भाचा अशा दोन बैलांच्या मध्ये अडकलो होतो. मला दोघंही हवे होते. नुसता ऑफिसच्या कागदाचा प्रश्न असता तर मी हात झटकले असते, पण इथं माझं घर मोडत होतं.

विश्रामबागेत जर्मन येणारा एकच माणूस होता, सुभेदार लालासाहेब. दुसऱ्या लढाईत हे आफ्रिकेच्या वाळूत पकडले गेले आणि पुढं दीड वर्ष जर्मनीत कैदेत होते. मी त्यांना म्हणालो, "सुभेदार, तुम्हाला जर्मन येतं ना?"

"लय भारी येतं. हाल्ट! श्नेल! कार्टोफेल! ब्रोट!"

"म्हणजे?"

"थांब. पळ. बटाटा. पाव."

"आणि मामा?"

"आता बगा आप्पासो, तिथं मामा कुठनं भेटनार? तारंच्या आत हुतो आमी." बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्यांना आठवलं, की एक म्हातारा पहारेकरी खिशातले फोटो काढून दाखवायचा आणि मुटर, ब्रुडर म्हणायचा. अशी आई आणि भाऊ ही दोन नाती मला पहिल्या दिवशी मिळाली. आईचा भाऊ म्हणजे मामा, तेव्हा काम झालं, असं सुभेदारांचं मत पडलं.

पण मी कारकून माणूस, कच्च्या कागदावर सही करत नाही. ओळखीच्या ग्रंथपालाकडून मी एका कॉलेजातलं जर्मनचं पुस्तक आणलं. ते इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी होतं. त्यात झडपेला शब्द, दट्ट्याला शब्द, वंगणाला तीन शब्द. नातेवाईक शेवटच्या पानावर, एका चौकटीत, बारा! आमच्याकडं नुसत्या लग्नाच्या आहेराच्या यादीत चाळीस नाती निघतात. मी ती बारा नाती सकाळी दाढी करताना पाठ करू लागलो. फाटर, मुटर, ब्रुडर, श्वेस्टर. दीर, मेहुणा, सगळे श्वागर. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, सगळ्या श्वेगेरिन.

"नणंदेला आणि जावेला एकच शब्द?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं. "मग त्यांच्या बायका भांडतात कुणाशी, ते कसं कळतं?"

भिंतीवर आमच्या लग्नाचा ग्रुप फोटो होता, त्यातल्या प्रत्येकावर मी चिठ्ठी चिकटवली. हिच्या तडसरच्या भावावर, जोतीरामवर, श्वागर अशी चिठ्ठी बसली. तो नेमका त्याच दिवशी आला आणि आपल्या तोंडावर हे काय लिहिलंय म्हणून रुसून चहा न घेता गेला. तात्यासाहेब हळदीचे व्यापारी; बोलणं मोजकं, पण सल्ला सढळ. ते म्हणाले, "निकम, शब्द पाठ करू नका. वापरा. आमी कन्नड आसंच शिकलो, जतच्या बाजारात." म्हणून मी सायकलवरून ऑफिसला जाताना भेटेल त्याला मनातल्या मनात एक एक नातं लावू लागलो, आणि इथंच घात झाला.

माझ्याकडं पाणीपाळीचं रजिस्टर असे. कुठल्या शेतकऱ्याला कुठल्या वारी पाणी, ते मी लिहायचं आणि पाटकऱ्यानं त्याप्रमाणं दार उघडायचं. एके सोमवारी आकाराम नावाचा शेतकरी टोपी हातात घेऊन टेबलापुढं उभा राहिला.

"सायेब, माझं पानी कुनी न्हेलं?"

"कुणी नेलं?"

"ओंकेलनं. पाटकरी म्हनतोय, बुधवारचं पानी ओंकेलचं हाय. आवं आमच्या शिवारात ओंकेल कोन न्हाई. कुठला पावना ह्यो? जमीन कवा घेतली त्यानं?"

मी रजिस्टर उघडलं. आकारामच्या नावाच्या जागी माझ्याच वळणदार अक्षरात ओंकेल लिहिलं होतं. पुढच्या ओळीत टांटे होती, तिला शुक्रवारी दीड तास पाणी होतं. मी घाईनं खाडाखोड केली आणि आकारामला दोन पाळ्या दिल्या, पण तोवर साहेबांपर्यंत गोष्ट गेली होती. दिवस आणीबाणीचे. साहेबांनी लेखी खुलासा मागवला की, सरकारी रजिस्टरमध्ये अनोळखी नावं का घुसवली? मी लिहून दिलं, 'नजरचुकीने नातेवाईक पडले.'

इतकं होऊनही मी पत्र लिहिलंच. वाक्यं मला रचता येत नव्हती, पण पुस्तकात तयार वाक्यं होती. 'यंत्राच्या डाव्या बाजूस कोणता भाग बसवला आहे? तो कोठे तयार झाला? सध्या त्याची अवस्था कशी आहे?' मी यंत्राच्या जागी आई आणि भागाच्या जागी ओंकेल घातलं. म्हणजे उर्सुलेच्या वडिलांना, निवृत्त स्टेशनमास्तर हेर (म्हणजे त्यांच्याकडचे श्रीयुत) फोगेल यांना, मी अत्यंत आदरानं असं विचारलं की, आईच्या बाजूस कोणता ओंकेल बसवला आहे, तो कोठे तयार झाला आणि सध्या त्याची अवस्था कशी आहे. आज वाचताना जरा कसंतरी वाटतं, पण तेव्हा मला ते पत्र फार खानदानी वाटलं होतं.

सोयऱ्याला पहिलं पत्र कोरडं जाऊ नये, असं तात्यासाहेबांचं म्हणणं पडलं. त्यांनी आपल्या वखारीतली पहिल्या प्रतीची हळद पुडीत बांधून दिली आणि मी ती पाकिटात घातली. पुडी टपालाच्या थैलीत फुटली. त्या दिवशी आमच्या भागातून गेलेली सगळी पत्रं पिवळी झाली. दोन घरी मयताचं कळवलेलं पत्र पिवळं पोचल्यामुळं लोक लग्न समजून नटून गेले, असं पोस्टमास्तरांनी मला बोलावून सांगितलं. माझं नाव त्यांनी एका वहीत लिहून ठेवलं. पाकीट मात्र जर्मनीला गेलं.

दीड महिना गेला. मग एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत साहेब, पोस्टमास्तर आणि टेबलावर एक हातभर लांब पुठ्ठ्याचं नळकांडं. परदेशातून, कालव्याच्या हेडक्लार्कच्या नावानं, आत गुंडाळलेला नकाशा. पोस्टमास्तरांना माझं नाव वहीत सापडलं आणि ते नळकांडं घेऊन थेट इथंच आले होते.

साहेबांनी नकाशा टेबलावर उलगडला. तो टेबलावरून खाली लोंबून पार दारापर्यंत गेला. वर एक जाड रेघ, तिला फाटे, फाट्यांना पोटफाटे, प्रत्येक फाट्याच्या टोकाला चौकोन आणि चौकोनात आकडे. मी कालव्याच्या खात्यात बावीस वर्षं काढली आहेत. खरं सांगतो, क्षणभर मलाही तो कालवाच वाटला.

"निकम, हा कुठला कालवा?" साहेब म्हणाले.

"कालवा नाही साहेब. सोयरे आहेत."

"मग हे विसर्गाचे आकडे कसले? अठराशे एकवीस, अठराशे सत्तेचाळीस. एवढं पाणी कुठून सोडलं?"

"जन्मसाल आहे साहेब."

"आणि हे फुल्या मारलेले फाटे? बंद केलेत का?"

"वारले साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सिद्ध करा," असं म्हणून ते खुर्चीत मागं टेकले. मग मी पायातल्या चपला काढल्या, का काढल्या कोण जाणे, आणि त्या नकाशाच्या कडेकडेनं चालत प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून म्हणत गेलो, हा फाटर, ही मुटर, हे ग्रोसफाटर, ही ग्रोसमुटर, हा श्वागर. तीनशे वर्षांचे फोगेल मी दारापासून टेबलापर्यंत आणले. एकही चुकला नाही. आयुष्यात मला एवढी अस्खलित परीक्षा कधी देता आली नव्हती, आणि ती बघायला बायको नव्हती याचं मला आजही वाईट वाटतं.

साहेबांच्या घरातही लग्नाची मुलगी होती. ते हळूहळू पुढं वाकले, एका फाट्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं थोरलीच्या आधी धाकटीचं केलेलं दिसतंय," आणि मग आम्ही तिघं अर्धा तास फोगेलांच्या मुली कुठं कुठं दिल्या ते बघत बसलो. शेवटी त्यांनी शेरा मारला, 'सदर नकाशा कालव्याचा नसून नातेवाइकांचा आहे. नक्कल दप्तरी ठेवावी.' आरेखकानं ट्रेसिंग कापडावर नक्कल काढली, आणि फोगेल घराणं आमच्या दप्तरात दोन वितरिकांच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्यांच्या, नकाशांमध्ये रीतसर दाखल झालं.

नळकांड्यात एक पत्रही होतं. सुभेदारांना घेऊन ते मी पुस्तकाच्या मदतीनं रविवारभर बसून लावलं. हेर फोगेल लिहीत होते, 'आपल्या कसोशीच्या चौकशीने फार आनंद झाला. मी बावीस वर्षे हा वंशवृक्ष काढीत आहे. आजवर घरातील कोणीही त्याकडे पाहिले नाही. पत्नीच्या कमरेच्या शस्त्रक्रियेमुळे आम्ही लग्नास येऊ शकत नाही. उर्सुला तुमच्या स्वाधीन.' मग आम्ही आईच्या बाजूचा ओंकेल शोधला. एकच चौकोन होता. ओटो, १९२२, फुली, १९४४.

"लढाईत गेलं पोरगं," सुभेदार म्हणाले. "आमच्याच वयाचं." मग ते चहा तसाच ठेवून गेले.

म्हणजे मामा नव्हताच. ना मामा, ना मामी, ना मावशी. आक्काची अट होती मामकुळाची, आणि एवढ्या मोठ्या नकाशात नेमकं तेच कोरं होतं. पुन्हा आम्ही नवराबायको सातारला निघालो. कंडक्टरनं नळकांड्याचं लगेज लावलं, पण माझं लक्ष नव्हतं. काय सांगायचं हिला? की बाई, मामकूळ लढाईत गेलं, आता तुझा मुलगाही गेला समज?

आक्कानं नकाशा सोप्यात पसरायला लावला, चारी कोपऱ्यांवर तांब्ये ठेवले आणि म्हणाली, "मामा दाव." मी ओटोवर बोट ठेवलं आणि खरं ते सांगितलं.

"बावीस वर्साचा?" आक्का म्हणाली. "लगीन झालं हुतं?"

"नाही."

"आन पोरीची आई बी येत न्हाई म्हनतोस."

"नाही येत."

आक्का त्या चौकोनाकडं बघत बसली. मी 'मग राहू दे' या शब्दांची वाट बघत होतो. ती म्हणाली, "मग पोरीला बोहल्यावर आननार कोन?"

मला कळेचना. आमच्याकडं नवरीला तिचा मामाच हाताला धरून बोहल्यावर आणतो हे खरं, पण इथं अजून होकाराचा पत्ता नव्हता. आक्का मात्र पेटली. "मामा न्हाई, आई न्हाई, बाप न्हाई. परक्या मुलखात पोर एकटी येऊन हुबी ऱ्हानार व्हय? लोक म्हनतील, रंगूबाईनं सून आनली ती वाऱ्यावरची. काय न्हाई, आप्पा, तिचा मामा तू."

"अगं मी मानसिंगचा मामा आहे!" मी ओरडलोच. लग्नात नवरदेवाच्या पाठीशी फेटा बांधून उभं राहायचं, हे मी त्याच्या बारशापासून ठरवलेलं. त्यासाठी जोधपुरी कोट शिवायला टाकला होता. आणि आता ऐनवेळी मला पलीकडच्या बाजूला ढकलत होते.

"बरोबर न्हाई," बाजेवरून आवाज आला.

आम्ही सगळे दचकलो. दाजी उठून बसले होते. "आप्पा पोरीचा मामा झाला, म्हंजे पोरीची आई आप्पाची भन झाली. तू बी आप्पाची भन. मग पोरगा-पोरगी मावसभावंडं झाली. लगीन कसं लागंल?"

दाजी छत्तीस वर्षं गप्प बसून हेच सगळं मोजत होते की काय, कोण जाणे. लग्न जुळत आलं असताना वधूवर भाऊबहीण निघाले होते, आणि त्यातली वधू अजून जर्मनीत होती. आक्कानं कपाळाला हात लावला.

"आप्पाची पोरगीच समजा की," दाजी पुढं म्हणाले. "मामाच्या पोरीवर भाच्याचा पयला हक्क. समद्यात चांगलं सोयरं त्येच." आणि एवढं सांगून ते परत आडवे झाले.

मी बायकोकडं पाहिलं. ती नकाशाच्या कडेला बसली होती आणि तिनं उर्सुलेच्या नावाच्या चौकोनावर हात ठेवला होता. "चालंल मला," ती म्हणाली. मग ती आक्काकडं वळली. "पण आक्का, पोरगी आमची झाली, तर तिचं मामकूळ म्हणजे माझं माहेर. तडसरचे पवार. तुम्हाला चालतंय का?"

इथं जरा सांगायला हवं, की आमच्या लग्नात तडसरच्या पवारांकडून आक्काला दिलेली साडी फिक्या रंगाची निघाली होती, आणि तेव्हापासून पंचवीस वर्षं 'त्या पवारांना रीत न्हाई' हे आक्का प्रत्येक सणाला म्हणत आली होती. आक्कानं छताकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं, ओटोकडं पाहिलं.

"घरंदाज हायती," ती पुटपुटली.

"ऐकू आलं नाही, आक्का."

"घरंदाज हायती म्हनलं की गं! लय घरंदाज हायती! आता काय पोराच्या लग्नात माझं नाक घासतीस व्हय?" बायकोनं खाली वाकून तिच्या पाया पडून घेतलं. मामकुळाचा प्रश्न अशा रीतीनं मिटला, आणि जर्मन मात्र माझ्या डोक्यात तसंच राहिलं.

वैशाखात दोघं आले. नवरदेवानं नवरीच्या घरात राहायचं नाही म्हणून मानसिंगला, जो त्या घरात बारा वर्षं राहिला होता, उंबऱ्यावरूनच सातारला पिटाळलं. उर्सुला आमच्याकडं आठ दिवस राहिली. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच. सगळ्यांशी हात मिळवायची, झाडूवालीशीसुद्धा. मी तिला माझी बारा जर्मन नाती एका दमात म्हणून दाखवली, तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. मग बायकोनं तिला आमची सांगायला सुरुवात केली. चुलता, मामेसासरे, आतेनणंद, साडू, व्याही, चुलतजाऊ. पोरीनं एका वहीत सत्तावीसपर्यंत लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवून पाणी मागितलं. मला तिची फार दया आली, आणि जराशी गंमतही वाटली.

लग्न आमच्या दारात लागलं, पंगती तात्यासाहेबांच्या हळदीच्या वखारीत बसल्या. जोतीराम मामा म्हणून उर्सुलेला हाताला धरून बोहल्यावर आणायला गेला. ती त्याच्यापेक्षा इतकी उंच, की लांबून बघणाऱ्याला तीच त्याला आणतेय असं वाटावं. माझ्या जोधपुरी कोटाचा काही उपयोग झाला नाही. आमच्याकडं मुलीच्या बापानं ताठ उभं राहायचं नसतं, हात जोडून वाकूनच फिरायचं. मी सकाळपासून माझ्याच भाच्याला, माझ्याच दाजींना आणि माझ्याच चुलतभावांना हात जोडत होतो.

आणि आक्का! आजवर तिला वरमाय व्हायची संधीच मिळाली नव्हती. जानवसघरात ती पाय दुमडून बसली आणि रुसली. सरबत कोमट होतं. वखारीत बसून वऱ्हाडाची धोतरं पिवळी झाली. मुलीकडच्यांनी वरमायेला विचारलंच नाही. मी तीनदा जाऊन हात जोडले. चौथ्या वेळी ती म्हणाली, "मुलीकडच्या मानसांना रीत न्हाई," आणि माझं टाळकंच सरकलं.

"आक्का," मी म्हणालो, "सरबताला काय म्हणायचं ते म्हण. पण आमच्या पोरीच्या घराला रीत नाही म्हणालीस, तर अशीच उठवून घरी नेईन तिला. पोरगी काय रस्त्यावर पडलेली नाही आमची!"

मी काय बोललो ते मलाच नीट कळलं नव्हतं. आक्कानं माझ्याकडं एकदा टक लावून पाहिलं, ग्लास उचलला आणि कोमट सरबत मुकाट्यानं पिऊन टाकलं.

संध्याकाळी पाठवणी. दारात जीप उभी. नवरीनं रडायचं असतं, हे बायकोनं उर्सुलेला आठ दिवस समजावलं होतं, पण पोरगी हसत हसत सुभेदारांशी, पोस्टमास्तरांशी, आकारामशी हात मिळवत सुटली. माझ्यापाशी आली आणि हात पुढं न करता ती खाली वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. हे तिला आम्ही कुणी शिकवलं नव्हतं. मी आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं आणि पाच-पन्नास माणसांसमोर, जोधपुरी कोट घालून, मी ढसाढसा रडलो.

आक्का जीपमधून खाली उतरली. "आरं आप्पा, रडतोस काय असा? पोरगी काय परक्याकडं चाललीया? माझ्याकडंच येतीया न्हवं?"

"म्हणून तर रडतोय," मी म्हणालो.

लोक हसले. आक्का हसली नाही. तिनं पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, जरा जोरानंच. "सांभाळीन की रं," ती म्हणाली, आणि उर्सुलेचा हात धरून तिला जीपमध्ये आपल्या शेजारी बसवलं.